आधी कौलं, मग कागद : निसर्ग वादळातून बाहेर पडताना

हल्ली मे महिना अर्धा झाला की मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात, "यंदा काही येतंय का गं तिकडे?" हवामान खात्याचं मला कळत नाही. पण वारा येणार हे कळल्यापासून नुकसानभरपाई खात्यात जमा होईपर्यंत काय काय करावं लागतं, ते २०२० साली अंगावरून गेलं आहे. ज्यांचं घर कौलारू, वाडी छोटी आणि सातबारा सामायिक, त्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात, किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर. मंगलोरी कौलं, पुढे सिमेंटच्या पत्र्याची पडवी, मागे न्हाणी आणि गोठा. दहा गुंठे वाडी, त्यात सोळा माड, दीडशेच्या आसपास पोफळी आणि मधे मधे केळी, जायफळ, मिरीचे वेल. लॉकडाऊनमुळे नवरा मुंबईतच अडकला होता. घरात सासूबाई, मी आणि नववीतून दहावीत गेलेला मुलगा.

१ जूनला बातमी आली की अरबी समुद्रात तयार झालेला कमी दाबाचा पट्टा तीव्र होतोय. गावात कुणी मनावर घेतलं नाही. वादळं आपल्या समोरून वर गुजरातकडे जातात, हा आमच्याकडचा पिढ्यानपिढ्यांचा समज. सासूबाईंनी मात्र फयानची आठवण काढली. नोव्हेंबर २००९ मधलं फयान अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्यावर आलं होतं आणि कोकणातले कितीतरी मच्छीमार तेव्हा परतले नव्हते. या खेपेला एक बरं होतं. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते, त्यामुळे होड्या आधीच वर ओढलेल्या होत्या.

२ जूनला दुपारी वादळाचं बारसं झालं. 'निसर्ग' हे नाव बांगलादेशानं सुचवलेलं आणि नव्या यादीतलं पहिलंच. त्यानंतर ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरली. उद्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला धडकणार, ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा, कच्च्या घरातल्यांनी शाळेत जावं, मास्क लावून यावं. करोना आणि वादळ दोन्ही एकाच भोंग्यातून.

हातात साधारण अर्धा दिवस होता. त्यात जे केलं ते जमेल तसं सांगते.

आधी अंगण मोकळं केलं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे मुलाच्या पुस्तकातलं. एरवी जागची न हलणारी बादली तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात बसते. बांबू, घमेली, तुळशीजवळच्या कुंड्या, सरपण, सोललेल्या नारळांचा ढीग, सगळं माजघरात. पत्र्यावर दगड ठेवायची आमच्याकडे सर्रास पद्धत आहे, ते मुलानं सगळे उतरवले. पत्रा उचलला गेला की दगड आधी खाली येतो, आणि खाली आपण असतो. त्याऐवजी गोठ्याच्या पत्र्यावरून नायलॉनचे दोर आडवे टाकून दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या.

पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा, मिळणं मुश्कील होतं, सगळ्या गावाला एकाच दुपारी तो हवा होता. माडामागे दीडशे रुपये देऊन घराजवळच्या चार माडांवरचे तयार नारळ आणि वाळक्या झावळ्या तेवढ्या उतरवून घेतल्या. बाकीच्यांना राम म्हटलं.

खिडक्यांना चिकटपट्टीची फुली मारायचा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरत होता. त्यानं काच फुटायची थांबत नाही. आम्ही जुनी फळी, पलंगाचा प्लायवूड, जे हाती लागलं ते समुद्राच्या बाजूच्या खिडक्यांवर बाहेरून ठोकलं. दुसरा एक सल्ला होता की वारा आरपार जावा म्हणून दारं-खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. शेजारच्या गवंडीदादांनी तो ऐकून डोक्याला हात लावला. वारा घरात शिरला की आतून छपराला ढुशी देतो, वरून तो ओढतच असतो, मग कौलं कशी राहणार? सगळं बंद करा म्हणाले, माळ्याचा झरोकासुद्धा.

वीज जाणार हे धरून छपरावरची टाकी काठोकाठ भरली. भरलेली टाकी उडत नाही, हा वर फायदा. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, बॅटऱ्या, मेणबत्त्या, काडेपेटी बरणीत. पैसे रोख घेतले, कारण वीज गेली की एटीएमही जातं.

आणि कागद. सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, आधार कार्डं, पासबुक हे सगळं दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एका स्टीलच्या डब्यात ठेवलं. मुलगा म्हणाला, आई, फोटो काढून बाबांना पाठवून ठेवू. त्यानं कागदांचे काढले, मग घराचे चारही बाजूंनी, छपराचे, आणि वाडीत शिरून ओळीओळीनं पोफळींचे. मला तेव्हा तो पोरखेळ वाटला. पुढे या फोटोंनी काय काम केलं ते सांगतेच.

रात्री खरा प्रश्न उरला होता की थांबायचं कुठे. आमचं माजघर चारी बाजूंनी भिंतींचं, खिडकी नाही, त्यामुळे तिथेच बसू असं सासूबाईंचं मत. पण घराच्या पूर्वेला तीन माड होते, आणि त्यांच्या उंचीच्या आत आमचं अख्खं छप्पर. माड पडला तर कौलं, वासे, माळा सगळं त्या माजघरातच येणार. त्यामुळे ३ तारखेला सकाळी सातला आम्ही गवंडीदादांच्या स्लॅबच्या घरी गेलो. गाय आणि वासरू दाव्यातून सोडून त्यांच्याच मागच्या पक्क्या खोलीत घातलं. तिथे चार घरांची माणसं जमली होती. पहिला अर्धा तास सगळ्यांनी मास्क लावले, नंतर कुणाला आठवण राहिली नाही.

दहाच्या सुमाराला वाऱ्याचा आवाज बदलला. आमच्याकडे आषाढात वारा सुटतो तो दमानं येतो, मधे श्वास घेतो. हा श्वासच घेईना. आधी तो डोंगराकडून, म्हणजे पूर्वेकडून आला. बारानंतर बोलणंच बंद झालं, शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नव्हतं. मी दाराच्या कडीकडे बघत बसले होते. प्रत्येक झोताला कडी अर्धा इंच आत यायची, परत बाहेर जायची, आणि तिच्या चौकटीतले दोन स्क्रू हळूहळू भिंतीतून वर येत होते. तिसऱ्या स्क्रूनं डोकं काढल्यावर दादांनी आणि त्यांच्या भावानं लोखंडी कपाट सरकवून दाराला लावलं आणि पाठ लावून दोघं बसले. दाराखालून पाणी आत येत होतं. मुलानं बोट लावून चाखलं आणि म्हणाला, खारट आहे.

मग एकदम वारा पडला. उजेड आला. पोरं उठलीच बाहेर बघायला. दादांचे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, दारात काठी आडवी धरून उभे राहिले. "कुणी हलायचं नाही. आता दर्याकडनं येईल." तात्या होडीवर आयुष्य काढलेले, त्यांना हवामान खात्याच्या पत्रकाची गरज नव्हती. वादळाचं केंद्र जवळून जातं तेव्हा मधे अशी उसंत मिळते आणि मग वारा उलट्या बाजूनं येतो. पहिल्या वाऱ्यानं जे ढिलं झालेलं असतं ते दुसरा घेऊन जातो. तसंच झालं. पश्चिमेच्या वाऱ्यात गवाक्षातून आमच्या वाडीचा कोपरा दिसत होता. पोफळी जमिनीपर्यंत वाकत, परत उभ्या राहत, आणि मग अशाच एका उभं राहण्यात मधून मोडत. आवाज येत नव्हता, मोठ्या वाऱ्यात तो बुडून जायचा.

साडेतीन-चारच्या सुमारास ओसरलं. नंतर वाचलं की वादळ साडेबारा ते अडीचच्या दरम्यान किनारा ओलांडून गेलं.

बाहेर पडायची घाई करू नका, हे पोटतिडकीनं सांगते. विजेचे खांब आडवे, तारा पाण्यात, आणि कुठली तार मेली आहे ते दिसत नाही. त्या दिवशी अलिबाग तालुक्यात खांब अंगावर पडून माणूस गेला. आडवा झालेला माडही मेलेला नसतो. तो कशावर तरी ताणलेला असतो, आणि कोयता घातला की उसळतो. आम्ही काठीनं चाचपत, तारा टाळत घरी पोचेपर्यंत अंधार पडत आला होता.

घर उभं होतं. पश्चिमेच्या पाख्याची निम्म्याहून जास्त कौलं आणि सगळे कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, गेलेले, पडवीचे पत्रे नाहीतच. त्यातला एक दुसऱ्या दिवशी वाडीत सापडला, एका माडाच्या बुंध्याला शाल पांघरल्यासारखा लपेटलेला. पूर्वेच्या तीन माडांपैकी एक घरावर आला होता आणि त्याचा शेंडा बरोबर माजघरावर होता. सासूबाईंनी तो बघितला आणि चुलीकडे वळल्या. सोळांतले अकरा माड पडले. पोफळी मोजायला धीर झाला नाही, मुलानं मोजल्या : एकशेदहा गेल्या होत्या. श्रीवर्धनचा रोठा म्हणून जी सुपारी नावाजली जाते ती याच वाड्यांमधली, आणि पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात.

५ तारखेला वटपौर्णिमा होती. पारावरचा वड मुळासकट आडवा झाला होता. बायकांनी आडव्या खोडालाच सूत गुंडाळलं, प्रदक्षिणा घालायला वाट नव्हती. त्याच दिवशी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे अलिबागला येऊन रायगडसाठी तातडीचे शंभर कोटी जाहीर करून गेले, हे आम्हाला खूप उशिरा कळलं. टॉवर पडल्यामुळे फोन नव्हता. डोंगरावर ठरावीक एका कातळावर एक काडी रेंज यायची, तिथे रांग लागायची. नवऱ्याशी पहिलं बोलणं तिथून झालं, आणि बोललो काय, तर फोटो नीट आहेत ना, डिलीट करू नका.

विजेला जुलै उजाडला. रेशनवर रॉकेल मिळालं, त्यावर कंदील. विहिरीत पाचोळा आणि खारं पाणी गेलं होतं. पाचोळा उपसून ग्रामपंचायतीकडून टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकून घेतली आणि तरीही बरेच दिवस पाणी उकळून प्यायलो. ११ जूनला मोसमी पाऊस कोकणात दाखल झाला आणि घरावर तोवर फक्त ताडपत्री होती. ताडपत्रीचा भाव बाजारात रोज वेगळा. तशात सुद्धा स्वस्त पातळ घेऊ नका, पहिल्याच पावसात ती फाटते. आणि ओल्या छपरावर कौलं चाळायला स्वतः चढू नका. गावातले जे लोक वादळानंतर जखमी झाले ते बहुतेक असेच पडून.

आता पंचनाम्याकडे येते.

घराचा पंचनामा तेव्हा तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवक करत, वाडीच्या वेळी कृषी सहायक बरोबर असत. आमच्याकडे ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आले. एका माणसाकडे अनेक गावं, रस्ते बंद, त्यामुळे उशिराचं मला नवल वाटलं नाही. तोवर पडलेलं काही हलवू नये, असं लोक म्हणत होते. पण घरावर पडलेला माड आठवडाभर कोण ठेवणार? आम्ही फोटो काढून तो तोडला. तोडायला माडामागे हजार रुपये पडले. वाडीतले मात्र तसेच ठेवले.

घराच्या नुकसानीला त्या वेळी टक्क्यांच्या पायऱ्या होत्या : किमान पंधरा टक्के पडझड असेल तर १५ हजार, पंचवीस टक्क्यांना २५ हजार, पन्नास टक्क्यांना ५० हजार, आणि पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. निसर्गसाठी सरकारनं हे दर नेहमीपेक्षा वाढवले होते. आता टक्के ठरतात ते बघणाऱ्याच्या नजरेनं, आणि ताडपत्री टाकलेलं घर लांबून बरं दिसतं. आमचं पहिलं टिपण पंधरा टक्क्यांचं झालं. तेव्हा मुलानं फोन पुढे केला. २ जूनचं छप्पर, ३ जूनचं छप्पर, तोच कोन, तीच जागा. भाऊसाहेबांनी दोन्ही नीट पाहिले, शिडी मागवली, ताडपत्रीचा कोपरा उचलून वासे मोजले आणि आकडा पंचवीस केला. वाद झाला नाही, आवाजही चढला नाही. पंचनाम्यावर सही करण्याआधी टक्के, खोल्यांची संख्या आणि नावाचं स्पेलिंग वाचून घ्या. सहीनंतर बदलायला अर्ज, आणि अर्जाला वेळ.

वाडीचं गणित वेगळं. सुरुवातीला मदत हेक्टरी ५० हजार जाहीर झाली, म्हणजे गुंठ्याला पाचशे. हेक्टर ही देशावरची भाषा; आमच्याकडे दहा गुंठ्यांच्या वाडीवर घर चालतं. दहा गुंठ्यांना पाच हजार, आणि एक माड तोडायला हजार! सगळ्या पट्ट्यातून ओरड झाली आणि पुढे झाडामागे मदत ठरली, माडाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. अकरा माड आणि एकशेदहा पोफळी धरून आमचे ८,२५० होतात. झाडं मोजून ठेवलेली होती, ओळीनिशी फोटो होते, म्हणून मोजणीला दहा मिनिटं लागली.

खरी अडचण सातबाऱ्याची. त्यावर आजेसासऱ्यांच्या सगळ्या वारसांची नावं, कुणी बोरिवलीला, कुणी बडोद्याला, दोघं हयात नाहीत आणि त्यांची वारसनोंद कुणी केलेली नाही. मदत एकाच्या खात्यात जमा करायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. लॉकडाऊनमध्ये माणसं येणार कशी? नवऱ्यानं साध्या कागदावर मजकूर तयार केला, प्रत्येकानं सही करून आधारच्या प्रतीसह फोटो पाठवला, त्या सगळ्यांच्या छापील प्रती सासूबाईंच्या हमीपत्राला जोडल्या. आमच्याकडे ते चाललं. बडोद्याच्या चुलत नणंदेनं सही करताना एवढंच विचारलं, "वहिनी, त्या विहिरीजवळच्या पोफळी राहिल्या का?" नाही राहिल्या, म्हटलं.

घराचे पैसे जुलैत आले. वाडीचे अडकले, कारण सासूबाईंचं खातं बरेच दिवस व्यवहार नसल्यानं बंद पडलं होतं आणि मदत परत गेली होती. केवायसी करून, नव्यानं पासबुकाची प्रत देऊन दिवाळीच्या तोंडावर जमा झाले. ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांच्या खात्यात वर्षातून एकदा तरी शंभर रुपये टाका आणि काढा.

छपराला एकूण एक लाखाच्या वर गेले. २५ हजार मदत, थोडे साठवलेले, बाकी माझ्या भावाकडून. कौल पूर्वी सोळा-सतरा रुपयांना मिळायचं ते पंचवीसला घेतलं. पण नुसती कौलं बदलली नाहीत. गवंडीदादांच्या म्हणण्याप्रमाणे वारा छपराला आधी कडांना आणि कोपऱ्यांना धरतो. म्हणून पागोळीकडच्या दोन ओळींची कौलं तारेनं रिपांना बांधली, कोने सिमेंटमध्ये बसवले, वासे भिंतीवरच्या तुळईला लोखंडी पट्ट्यांनी जखडले. पडवी तीन फूट बाहेर यायची ती दीडच फूट ठेवली आणि तिच्या पत्र्यांना कडेच्या बाजूला जे-हुक जवळ जवळ मारले. पावसाची झड आता ओटीवर येते. सासूबाई त्यावरून अजून बोलतात.

वर्ष होत नाही तोच, १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या समोरून गुजरातकडे गेलं. मुंबईत कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले. आम्ही आदल्या दिवशी सगळं पुन्हा केलं, या वेळी न बोलता. अंगण, टाकी, फळ्या, डबा, फोटो, गाय. वीज गेली, सात-आठ कौलं सरकली, उरलेल्यांतल्या दोन पोफळी मोडल्या. पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत.

वाडीत आता सुपारी संशोधन केंद्रातली रोपं लावली आहेत. पोफळीच्या रोपाला सावली लागते, आणि माडच नाहीत तर सावली कुठली? आधी केळी लावावी लागली, पहिल्या उन्हाळ्यात झाप बांधले, तरी पंधरा-वीस रोपं करपली. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि महावितरणचा १९१२ हे दोन्ही नंबर फोनबरोबरच भिंतीवरही लिहिलेत, कारण फोन बंद पडतो.

सातबाऱ्याचं मी मागे लागून करून घेतलं. वारसनोंदीसाठी मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे दिला. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते, ती मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. दोन मृत नावं गेली, त्यांच्या जागी पाच जिवंत आली. पोटहिश्श्याच्या मोजणीचा अर्ज अजून टाकायचा आहे, बोरिवलीचे काका हो म्हणत नाहीत.